टू-कंपोनंट मिक्सिंगमध्ये प्रेशर बॅलन्स: प्रेशर पॉट, पिस्टन, गिअर पंप की डोसिंग व्हॉल्व्ह, कोणती सिस्टीम घ्यायची?

दोन घटकांचं (रेझिन आणि हार्डनरसारखे, एकत्र आले की कडक होणारे) मिक्सिंग मशीन घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिलं हेच विचारतो की दोन्ही गेजवर प्रेशर सारखं येतं का. विचारायला हरकत नाही, पण त्याच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी आणि ती फारसं कोणी विचारत नाही: तुमच्या सिस्टीममध्ये रेशो (दोन घटकांचं प्रमाण) प्रेशरमुळे ठरतो, का रेशो आधीच ठरलेला असतो आणि प्रेशर हा नुसता त्याचा परिणाम असतो? माझ्या मते मशीन निवडायचा सगळा निर्णय इथेच फिरतो, बाकीचं नंतर.

काही सिस्टीममध्ये दोन टाक्यांना हवेचं प्रेशर देऊन माल पुढे ढकलतात, तिथे रेग्युलेटर जरासा फिरवला की रेशो बदलला. काहींमध्ये पिस्टन पंप किंवा गिअर पंप प्रत्येक फेरीला ठरलेला माल ढकलतो, तिथे प्रेशर ४० बार असो नाहीतर ९० बार, आत गळती नसेल तर माल तेवढाच जाणार, आणि गेज जे दाखवतंय ते म्हणजे पुढे होजमध्ये, मिक्सरमध्ये, गनमध्ये त्या मालाला किती अडथळा होतोय ते. पहिल्या प्रकारात प्रेशर बॅलन्स करणं म्हणजेच रेशो सेट करणं. दुसऱ्या प्रकारात प्रेशर बॅलन्स करून रेशो सेट होत नाही, फक्त सेट झालेला रेशो गनपर्यंत टिकतो. हा फरक डोक्यात नसेल तर माणूस पिस्टन मशीनवर गेज जुळवत बसतो, गेज जुळतात, आणि माल तरी मऊच राहतो.

मग दुसऱ्या प्रकारात बॅलन्सची एवढी काळजी का करायची? एक तर क्रॉसओव्हर. जिथे दोन घटक भेटतात तिथे एका बाजूचं प्रेशर बरंच जास्त असेल आणि चेक व्हॉल्व्ह (माल एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसत नसेल, तर जास्त प्रेशरचा माल कमी प्रेशरच्या लाइनीत उलटा घुसतो, आणि तिथे सेट (कडक) झाला की होज, गन, कधीकधी मॅनिफोल्डसुद्धा कापून फेकायला लागतो. दुसरं म्हणजे गन उघडल्यावर पहिल्या क्षणी जास्त प्रेशरची बाजू आधी धावते, दुसरी मागून येते, त्यामुळे प्रत्येक शॉटचं पहिलं तोंड चुकीच्या रेशोचं. लांब पट्टा मारायचा असेल तर ते फार जाणवत नाही, पण ५-१० ग्रॅमचे छोटे शॉट असतील तर निम्मा शॉट खराबच म्हणा. तिसरं कारण आतल्या गळतीचं आहे, प्रेशर वाढलं की पंपाच्या सीलमधून, गिअरच्या फटीतून माल मागे सरकतो आणि रेशो हळूहळू बिघडतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रेशर पॉट आणि नीडल व्हॉल्व्ह

सगळ्यात स्वस्त आणि समजायला सगळ्यात सोपं. दोन टाक्या, प्रत्येकीला रेग्युलेटर, पुढे नीडल व्हॉल्व्ह, मग मिक्सर. फिरते भाग जवळजवळ नाहीत, त्यामुळे फिलर (मालात घातलेली भुकटी) असलेला मालही चालतो, घासून झिजायला फारसं काही नाही.

पण इथे रेशो पूर्णपणे प्रेशर आणि विस्कॉसिटीवर (मालाच्या घट्टपणावर) लटकलेला असतो. घट्ट माल शांतपणे वाहत असेल तर फ्लो हा प्रेशरच्या सरळ प्रमाणात आणि विस्कॉसिटीच्या उलट प्रमाणात. आता समजा तुम्ही सकाळी ४:१ सेट केलंत, दुपारपर्यंत तापमान १० अंशांनी वाढलं, रेझिनची विस्कॉसिटी निम्मी झाली (इपॉक्सी रेझिनच्या बाबतीत एवढा फरक सहज पडतो, उलट जास्तच पडतो) आणि हार्डनरची फक्त पाव हिश्श्याने उतरली. रेझिनचा फ्लो दुप्पट, हार्डनरचा साधारण सव्वा-दीडपटीच्या मध्ये, म्हणजे तुमचा ४:१ आता ६:१ झाला. रेग्युलेटरला कोणी हात लावलेला नाही, दोन्ही गेज सकाळी दाखवत होते तेच दाखवतायत, आणि माल मात्र सेट होत नाहीये! प्रेशर पॉटवर गेज बघून समाधान मानणं म्हणूनच धोक्याचं.

आणखी एक त्रास म्हणजे प्रेशरखाली हवा मालात विरघळते आणि बाहेर पडल्यावर बुडबुडे होऊन दिसते, पारदर्शक पॉटिंग (भाग मालात बुडवून बंद करणं) करायचं असेल तर हे फार बोचतं. आयसोसायनेट (फोम, पॉलियुरियाचा एक घटक) असेल तर ओली हवा अजिबात चालत नाही, कोरडी हवा किंवा नायट्रोजनच लागतो, नाहीतर टाकीतच खडे बनायला लागतात.

१:१ चा रेशो, दोन्ही घटकांची विस्कॉसिटी जवळपास सारखी, तापमान स्थिर आणि रेशोत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालणारा माल, असं सगळं जुळून येत असेल तर प्रेशर पॉट घ्या, उगाच महागडं मशीन घेऊ नका. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर मी घेणार नाही.

एकाच मोटरला जोडलेले पिस्टन पंप

फिक्स रेशोचं मशीन म्हणतात ते हे. एक एअर मोटर किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, त्याला दोन पंप एकत्र बांधलेले, दोघांचा स्ट्रोक एकच, त्यामुळे रेशो ठरतो तो सिलिंडरच्या क्षेत्रफळावरून. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, तरी रेशो भरवशाचा. कोटिंग, फोम, सीलंट, सगळीकडे ही मशीन वर्षानुवर्षं चालतात आणि दुरुस्तीही कोणीही चांगला फिटर करतो.

इथे प्रेशरचं गणित नीट समजून घ्या, कारण मशीन निवडताना सुरक्षिततेचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. मोटरचा एकूण जोर दोन्ही पंपांत वाटला जातो. १:१ मशीनवर दोन्ही बाजूंना ८० बार चाललंय असं धरा. एका बाजूचा ड्रम रिकामा झाला किंवा फीड पंप बंद पडला, तर तो पंप मालच ओढत नाही, त्याच्या बाजूने विरोध संपला, आणि गन बंद केली की मोटरचा सगळा जोर दुसऱ्या बाजूवर, म्हणजे १६० बार. हे १:१ चं झालं. आता ४:१ घ्या. क्षेत्रफळ ४ आणि १, दोन्हीकडे ८० बार, म्हणजे एकूण जोर ५ भाग गुणिले ८०, बरोबर ४००. मोठी बाजू रिकामी पडली तर हे ४०० सगळे छोट्या बाजूच्या १ भागावर येतात. छोट्या बाजूला ४०० बार, पाचपट! रेशो जितका विषम तितका हा धोका वाढत जातो, १०:१ ला अकरापट. म्हणून अशा मशीनवर दोन्ही बाजूंना, आणि छोट्या बाजूला तर नक्कीच, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा रप्चर डिस्क (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की माल सोडून देणारी सोय) असलीच पाहिजे, तिचा माल आपापल्याच टाकीत परत गेला पाहिजे, आणि होजचं रेटिंग नुसत्या चालू प्रेशरवर नाही, ह्या सगळ्यात वाईट आकड्यावर तपासलं पाहिजे. विकणारा ह्यावर गडबडला तर तिथून उठून या.

ह्या मशीनची जमेची बाजू अशी की गेज खूप काही बोलतात. एक बाजू नेहमीपेक्षा खाली आणि दुसरी वर गेली, तर आधी खालच्या बाजूचा पुरवठा बघायचा: ड्रम, फीड पंप, गाळणी, थंड पडलेला घट्ट माल. एक बाजू नेहमीच्या जागी आणि फक्त दुसरी वर चढलेली, तर चढलेल्या बाजूला पुढे चोकअप: गनची जाळी, मिक्सरचं तोंड, होजमध्ये अर्धवट सेट झालेला माल. आणि स्ट्रोकनुसारही बघा. साध्या दोन बॉलच्या पंपात (बॉल म्हणजे व्हॉल्व्ह बंद करणारी गोळी) खाली जाताना प्रेशर टिकत नसेल तर खालचा इनटेक व्हॉल्व्ह गळतोय किंवा त्याच्या सीटवर कचरा बसलाय, वर जाताना टिकत नसेल तर पिस्टनचा व्हॉल्व्ह नाहीतर पॅकिंग. एवढं बघितलं तरी अर्धी दुरुस्ती पंप न उघडता कळते.

मात्र गन बंद असताना दोन्ही गेज जुळले नाहीत म्हणून घाबरू नका. बंद अवस्थेत एकूण जोर कोणत्या बाजूला किती अडकून राहील हे शेवटी कोण कुठे थांबलं आणि कोणता बॉल जरा उशिरा बसला ह्यावर असतं. बघायचं ते माल वाहत असतानाचं प्रेशर. उलटंही खरंय, बंद असताना दोन्ही गेज छान सारखे आणि गन उघडली की एक ६० ला आणि एक ९० ला, तर तो बॅलन्स नव्हताच.

तोटा कुठे? रेशो बदलायचा तर पंपच बदलायला लागतो. रोज दोन-तीन वेगवेगळे माल मारणाऱ्याला हे परवडत नाही. आणि स्ट्रोक पलटतो तेव्हा क्षणभर प्रेशर खाली जातं, फवारणीत ती घट दिसते, अ‍ॅक्युम्युलेटर किंवा सर्ज चेंबर (धक्का झेलणारी छोटी टाकी) लावून ती कमी करता येते. पण अ‍ॅक्युम्युलेटर लावायचं तर दोन्ही बाजूंना लावा, एकाच बाजूला लावलं तर ती बाजू लवचिक होते, दुसरी कडक राहते, आणि मघाशी म्हटलं ते पुढे-मागे धावणं आणखी वाढतं.

गिअर पंप आणि सर्व्हो मोटर

प्रत्येक बाजूला वेगळी मोटर, वेगळा गिअर पंप, कंट्रोलर दोघांचा स्पीड ठरवतो. रेशो स्क्रीनवर बदलता येतो, फ्लो सलग येतो, स्ट्रोकचा धक्का नाही. छोट्या, नेमक्या, सतत चालणाऱ्या कामाला मला तरी हेच आवडतं.

पण गिअर पंपाबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय की तो प्रत्येक फेरीला नेमका तेवढाच माल देतो. दात आणि बॉडीच्या मधल्या बारीक फटीतून माल सरकतोच. ही गळती दोन टोकांच्या प्रेशरच्या फरकावर अवलंबून आहे, विस्कॉसिटी कमी तितकी गळती जास्त, आणि फट वाढली तर ती घनाच्या पटीत वाढते, म्हणजे झिजून फट दुप्पट झाली की गळती आठपट. १०,००० सेंटीपॉइजच्या (विस्कॉसिटीचं एकक) रेझिनला ह्याचं काही वाटत नाही, तो फटीत घुसतच नाही म्हणा ना, पण २०० सेंटीपॉइजचा हार्डनर बिनधास्त मागे पळतो. गंमत अशी की उलटही होतं: फीडचं प्रेशर पंपाच्या पुढच्या प्रेशरपेक्षा जास्त ठेवलं तर माल पंपातून पुढे ढकलला जातो आणि ठरल्यापेक्षा जास्त येतो.

त्यामुळे गिअर पंपावर बॅलन्स करायचा तो दोन घटकांच्या आपसात करण्याआधी प्रत्येक पंपाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रेशरमध्ये करायचा. दोन्हीतला फरक जितका कमी तितकं मीटरिंग चोख. पुढे बॅकप्रेशर व्हॉल्व्ह आणि मागे फीड रेग्युलेटर लावून हे जमवतात. फ्लो मीटर लावून क्लोज लूप केलं तर कंट्रोलर स्पीड वाढवून गळती भरून काढतो, आणि पातळ घटक असेल तर फ्लो मीटरशिवाय गिअर पंप घेऊ नका असंच मी सांगेन.

फिलर असलेला माल, म्हणजे सिलिका, अ‍ॅल्युमिना वगैरे घातलेला, गिअर पंपाला खाऊन टाकतो. तिथे सरळ पिस्टन मीटरिंग, म्हणजे रॉड ठरावीक अंतर आत शिरतो आणि तेवढाच माल बाहेर काढतो, ते घ्या.

डोसिंग व्हॉल्व्ह असलेली इलेक्ट्रॉनिक सिस्टीम

पेंटच्या कामात ही जास्त दिसते. रेझिन मुख्य लाइनीत वाहतो, हार्डनर व्हॉल्व्हमधून छोट्या छोट्या डोसमध्ये सोडला जातो, दोन्ही फ्लो मीटरने मोजले जातात, कंट्रोलर हिशोब ठेवतो. रेशो हवा तेवढा बदला, रंग बदला, सगळं जमतं.

ह्यात प्रेशरचा नियम वेगळा आहे. जो घटक डोसने सोडायचा, त्याचं प्रेशर मुख्य लाइनीपेक्षा थोडं जास्तच पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्ह उघडूनही तो आत शिरणार नाही, किंवा उलट मुख्य लाइनीतला माल व्हॉल्व्हमध्ये घुसेल. पण फार जास्तही नको, कारण मग व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या डोस भसकन आत जातो, कंट्रोलरला बंद करायला वेळ मिळत नाही, ओव्हरडोसचा अलार्म वाजतो आणि काम थांबतं. म्हणून दोन्ही लाइनींना चांगले फ्लुइड रेग्युलेटर, आणि डोसच्या लाइनीत रिस्ट्रिक्टर, हे ऑप्शनल म्हणून काढून टाकू नका, ऑर्डरमध्येच धरा. गनपर्यंत होज लांब आणि प्रेशर सारखं वरखाली होत असेल (दोन गन एका मशीनवर, एक चालू एक बंद असं) तर ही सिस्टीम जास्त कटकट करते, तिथे पिस्टन फिक्स रेशो शांतपणे काम करून जातो.

इम्पिंजमेंट गनचं थोडं वेगळं

फोम आणि पॉलियुरियात मिक्सिंग नळीत होत नाही, दोन झोत समोरासमोर आपटून होतं, आणि तिथे प्रेशर हेच मिक्सिंगचं इंधन. फोमला साधारण ७० ते १०० बार, पॉलियुरियाला १४० ते २०० बार अशा घरात चालतं. एक झोत जोरदार आणि दुसरा मरतुकडा असेल तर जोरदार झोत दुसऱ्याला ओलांडून जातो, मिक्सिंग एका बाजूने रेघारेघांचं दिसतं, आणि क्रॉसओव्हरही इथेच सगळ्यात जास्त होतो. इथे स्टॅटिक मिक्सरसारखी (आत न फिरणारे पीळ असलेली नळी) सूट नाही. चालू असताना दोन गेजमधला फरक वाढत चालला तर थांबायचं, मारत राहायचं नाही, कारण १:१ मशीनवर तो फरक बहुतेक वेळा पुरवठा कमी पडल्याचीच बातमी असते.

ह्या प्रेशरला सुरक्षिततेबद्दल एकच सांगतो. पिनहोलमधून उडणारा झोत कातडीतून आत शिरतो, वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत मोठं नुकसान होतं. गळती हाताने किंवा कपड्याने दाबायची नाही, लागलं तर दुखत नसलं तरी लगेच सर्जनकडे, कोणता माल होता हे सांगायचं. आणि आयसोसायनेटची वाफ, फवारा ह्यांनी दमा होतो, मास्कच्या बाबतीत तडजोड नको.

बॅलन्स करायचे मार्ग: होज, हीटर की रिस्ट्रिक्टर

मशीन कोणतंही घ्या, शेवटी प्रेशर जुळवायचं ते ह्याच तीन-चार गोष्टींनी, आणि इथे चुकीचा पर्याय निवडला तर महागडं मशीनही वाया जातं, म्हणून एक उदाहरण आकड्यांनीच करू.

रेशो ४:१, एकूण फ्लो मिनिटाला १ लिटर, म्हणजे रेझिन ८०० मिली आणि हार्डनर २०० मिली. रेझिन १०,००० सेंटीपॉइज, हार्डनर २००. दोन्हीला १० मीटर लांब, १० मिलिमीटर आतल्या व्यासाची होज लावली, जशी पुष्कळ जण लावतात, दोन सारख्या होज एकत्र बांधून. हिशोब केला तर रेझिनच्या होजमध्ये प्रेशर पडतं साधारण ५४ बार, आणि हार्डनरच्या होजमध्ये ०.२७ बार. दोनशेपट फरक! फ्लो चौपट, विस्कॉसिटी पन्नासपट, गुणाकार दोनशे, सरळ आहे. अशा लाइनीत मशीनजवळच्या गेजवर सारखं प्रेशर आणायचा प्रयत्न केला तर गनजवळ काय होत असेल बघा, रेझिन मरगळलेला आणि हार्डनर पूर्ण जोराने.

पहिला मार्ग होजचा व्यास. प्रेशर ड्रॉप हा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, त्यामुळे थोडासा व्यास बदलला तरी फरक प्रचंड. रेझिनला १६ मिलिमीटरची होज लावली तर ५४ चे साधारण ८ बार होतात. हार्डनरला १० ऐवजी ५ मिलिमीटरची लावली तर ०.२७ चे ४ बारच्या थोडे वर. एकदा बसवलं की रोज लक्ष द्यायला नको. पण मोठी होज जड, तिच्यात माल जास्त अडकून राहतो, गन धरणाऱ्याचा हात दुखतो, आणि मोठी रबरी होज फुगते म्हणून शॉट उशिरा सुरू होतो.

दुसरा मार्ग गरम करणं. अशा रेझिनला ५० अंशांच्या आसपास नेलं तर विस्कॉसिटी दहाव्या हिश्श्यावर येऊ शकते, म्हणजे १,००० सेंटीपॉइज, आणि तीच १० मिलिमीटरची होज आता ५४ ऐवजी ५.४ बार घेते. हार्डनरला ५ मिलिमीटरची होज, ४.३ बार. बघा, ५४ आणि ०.२७ वरून ५.४ आणि ४.३ वर आलो, पंपाला हातही न लावता. मला विचाराल तर घट्ट मालाला पहिला खर्च हीटर आणि गरम होजवरच करावा, इलेक्ट्रॉनिक्सवर नंतर. फक्त गरम केल्यावर पॉट लाइफ (मिक्स झालेला माल वापरता येतो तो वेळ) कमी होते हे धरून मिक्सरनंतरची नळी लहान ठेवा, आणि होजचं गरम करणं टाकीपासून गनपर्यंत सलग हवं, मध्ये दीड मीटर उघडी थंड होज राहिली तर सगळा अडथळा तिथेच जाऊन बसतो.

तिसरा रिस्ट्रिक्टर, म्हणजे पातळ घटकाच्या लाइनीत मुद्दाम बारीक छिद्र बसवून त्याचा अडथळा वाढवायचा. स्वस्त आहे, पटकन बसतो, आणि मिक्सरच्या अगदी तोंडाशी बसवला तर शॉटची सुरुवातही चांगली जुळते. पण बारीक छिद्र चोक होतं, आणि रिस्ट्रिक्टर त्या एका फ्लोलाच बॅलन्स देतो, फ्लो बदलला की परत बिघडलं. प्रेशर पॉटच्या सिस्टीममध्ये तर रिस्ट्रिक्टर बदलणं म्हणजे रेशोच बदलणं, तिथे बसवून लगेच वजन करून बघायलाच लागतं. ह्याच्यासोबत चेक व्हॉल्व्ह मात्र प्रत्येक सिस्टीममध्ये हवेत, तेही मशीनजवळ नाही, मिक्सिंगच्या जागेला जितके चिकटून बसवता येतील तितके.

स्टॅटिक मिक्सरबद्दलही इथेच सांगतो. मिक्सरची लांबी वाढवली की दोन्ही बाजूंचं प्रेशर वाढतं, बॅलन्स आपोआप सुधारत नाही. साध्या पीळदार मिक्सरमध्ये प्रत्येक एलिमेंटला (पिळाच्या एका तुकड्याला) थर दुप्पट होतात, १० एलिमेंटला १,०२४ थर, १२ ला ४,०९६, त्यामुळे एका मर्यादेनंतर लांबी वाढवून हाती फार लागत नाही, नुसतं प्रेशर चढतं. घटकांच्या विस्कॉसिटीत शंभरपट वगैरे फरक असेल तर पातळ घटक कडेकडेने निसटतो, तिथे लांब मिक्सरपेक्षा गरम करणं किंवा मोटरवर फिरणारा डायनॅमिक मिक्सर बरा.

तपासायचं कसं

प्रेशर जुळलं म्हणजे रेशो जुळला असं कधीच धरू नका, कोणत्याही सिस्टीममध्ये. मिक्सर काढून दोन्ही बाजूंचा माल वेगवेगळ्या कपात, एकाच वेळी, एकाच शॉटमध्ये घ्यायचा आणि वजन करायचं. ह्यात दोन ठिकाणी लोक फसतात. एक, मिक्सर काढला की अडथळाच गेला, मग पंपाची खरी गळती दिसतच नाही, म्हणून सॅम्पलिंगच्या नळ्यांवर व्हॉल्व्ह लावून चालू कामाएवढं प्रेशर आणूनच कप भरायचे. दोन, मशीनचा रेशो व्हॉल्यूमचा असतो आणि तुम्ही मोजताय वजन. आयसोची (आयसोसायनेटची) घनता १.२३ आणि पॉलिओलची (त्याच्या जोडीच्या घटकाची) १.०५ असेल तर १:१ व्हॉल्यूमला १०० मिलीचे कप १२३ आणि १०५ ग्रॅम भरणार, आणि ते बरोबरच आहे, ह्यात पंपाचा काही दोष नाही.

मग कोणी काय घ्यावं

एकच माल, एकच रेशो, रोज भरपूर काम, फवारणी किंवा जाड सीलंट: फिक्स रेशो पिस्टन, सोबत गरम होज, दोन्ही बाजूंना रिलीफ. ह्याला पर्याय शोधत बसू नका. रेशो बदलत राहणारे, रंग बदलणारे पेंटवाले: डोसिंग व्हॉल्व्हची इलेक्ट्रॉनिक सिस्टीम, पण रेग्युलेटरवर कंजुषी न करता. छोटे नेमके शॉट, फिलर नसलेला माल: गिअर पंप, पातळ घटकाला फ्लो मीटरसह. तेच छोटे शॉट पण फिलरवाला माल: रॉडचं पिस्टन मीटरिंग. प्रेशर पॉट फक्त त्या मघाच्या सगळ्या अटी जुळल्या तरच.

जिथे खरंच अडकायला होतं ते म्हणजे १०:१ सारखा विषम रेशो आणि छोटी बाजू पाण्यासारखी पातळ. तिथे बांधलेल्या पिस्टनमध्ये छोट्या बाजूला प्रेशर चढायचा धोका मोठा, आणि गिअर पंपात त्याच बाजूला गळती जास्त. मी अशा वेळी दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्राइव्ह, छोट्या बाजूला रॉड मीटरिंग आणि प्रत्येक बाजूला आपलं प्रेशर सेन्सर ज्याची वरची आणि खालची दोन्ही लिमिट लावता येते, असंच निवडेन, महाग पडलं तरी. वरची लिमिट होज वाचवते, खालची लिमिट माल वाचवते, आणि लोक नेमकी खालचीच लावायला विसरतात.

ट्रायल मागा, आणि ती तुमच्याच मालाने, तुमच्याच होजच्या लांबीने आणि तुमच्याकडे माल जेवढा गार पडतो तेवढा गार असताना. विकणाऱ्याकडच्या डेमोच्या मालावर सगळीच मशीन सुरेख चालतात. ट्रायलमध्ये गन सलग चालू ठेवून दोन्ही गेज लिहून घ्या, मग गन बंद करून मालाच्या पॉट लाइफच्या आत पहिला शॉट कसा येतो ते बघा, मग मुद्दाम एका बाजूचा फीड व्हॉल्व्ह बंद करायला सांगून मशीन किती वेळात थांबतं ते बघा. शेवटच्या ह्या चाचणीला विकणारे सहसा कां-कूं करतात, तरी हट्ट धरा. आणि सगळे आकडे तापमानासकट ऑर्डरच्या कागदांना जोडून ठेवा, कारण पुढे कधी गेज सरकले तर कोणती बाजू किती सरकली हे त्या आकड्यांशी लावूनच कळतं.